रायपूरच्या नावातली दोन मुळे

‘राय’ म्हणजे राजाच. प्राकृतात स्वरांमधला ‘ज’ झिजला आणि ‘राय’ उरला, रायगडातला ‘राय’ही तोच. गंमत म्हणजे रायपूर ज्या छत्तीसगडमध्ये आहे, तिथेही एक रायगड आहे. मराठीतले राऊत (राजपुत्र) आणि राऊळ (राजकुल) याच घराण्यातले.

अभ्यासक ‘राजा’ या शब्दामागे ‘सरळ करणे, दिशा देणे’ अशा अर्थाचा इंडो-युरोपीय धातू मानतात. त्यातून लॅटिन ‘रेक्स’ आणि आयरिश ‘री’ हे राजाचे शब्द आले. गॉलमध्ये ज्युलियस सीझरशी लढलेल्या वर्सिंगेटोरिक्सच्या नावातला ‘रिक्स’ही तोच. इंग्रजी ‘राइट’ आणि संस्कृत ‘ऋजु’ यांनी मूळचा सरळपणा जपला. राजांनी किती जपला, तो इतिहासाचा विषय!

‘पूर’चे गोत्र याहून मजेशीर. संस्कृत ‘पुर्’ म्हणजे तटबंदीची जागा. लिथुआनियन ‘पिलिस’ म्हणजे किल्ला, ग्रीक ‘पोलिस’ म्हणजे नगर. या ग्रीक नगरापासून राज्यकारभाराचा शब्द बनला, तो लॅटिन-फ्रेंच वळणे घेत इंग्रजीत गेला आणि इंग्रजांबरोबर भारतात उतरला. म्हणजे रायपूरच्या चौकातला पोलीस आणि शहराच्या नावातले ‘पूर’ हे लांबचे भाऊबंद.