वाड्याच्या ओसरीला घडीचे दार

जुना वाडा दुरुस्तीला काढला की ओसरीचा प्रश्न येतोच. ती बंद करायची असते, पण चौकातून येणारा उजेड आणि वारा घालवायचा नसतो. मग घडीचे दार सुचते आणि दुकानदार वरच्या रुळावरून सरकणाऱ्या झडपा दाखवतो. नव्या इमारतीत त्या छान चालतात. वाड्यात त्या बसवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण वाड्याच्या बांधणीतच आहे. इथे भार भिंतीपेक्षा लाकडी सांगाड्यावर असतो: तळखड्यावर खांब, खांबावर हस्त, हस्तावर तुळई आणि तिच्यावर कडीपाट. शे-दीडशे वर्षे ओझे वाहिलेली तुळई मध्यभागी थोडी वाकलेली असतेच. रूळ तिलाच टांगला तर झडपांचे वजनही तिच्यावर येते, आणि ती आणखी थोडी दबली तरी दार अडते. रूळ खाली घेतला तर उंबरा कोरावा लागतो, आणि त्या खाचेत चौकातली धूळ व पावसाचे पाणी साचते. रुंद, अखंड मोकळीक हवी म्हणून मधला खांब काढण्याचा सल्लाही दिला जातो. तो ऐकूच नये. वाड्याचे माप खणाचे असते. दारानेही दोन खांबांमधल्या खणातच राहावे.

आपल्या पेठांतल्या जुन्या दुकानांना अशी दारे होती: अरुंद झडपा, एकमेकींना आणि चौकटीला बिजागऱ्यांनी जोडलेल्या, रुळाशिवाय. 6 फुटांच्या खणाला दीड फुटाच्या 4 झडपा पुरतात, दोन्ही बाजूंना 2-2. वजनाचा हिशेब करून पाहा. कोरडे सागवान घनफुटाला सुमारे 18 किलो भरते. 7 फूट उंच, दीड फूट रुंद आणि दीड इंच जाड झडप भरीव केली तर 24 किलोंच्या आसपास जाते. मध्ये पातळ पॅनेल घातले की बरीच हलकी होते. एका बाजूच्या दोन झडपा घडी होऊन बसल्या की वजन तेवढेच राहते, पण चौकटीच्या जवळ येते. तेवढ्याच रुंदीचे एकसंध दार 90 अंशांत उघडे ठेवले तर वरच्या बिजागरीवर जी ओढ पडते, तिच्या निम्मीच इथे पडते. ओसरीचे दार दिवसभर उघडे असते, त्यामुळे चौकट धरणाऱ्या जुन्या खांबाला हा फरक मोठा आहे. रोज ये-जा करण्यासाठी मधली एकच झडप उघडेल, अशी कड्यांची मांडणी करावी. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजालाही दिंडी आहे. अवजड दार रोज हलवायचे नाही, हा शहाणपणा तेव्हाही होता.

खरी परीक्षा पावसाळ्यात होते. लाकडातला ओलावा 1 टक्क्याने वाढला की सागवान वर्षावलयांना समांतर दिशेत सुमारे 0.19 टक्के फुगते, वलयांना छेदणाऱ्या दिशेत 0.10 टक्के. आकडे किरकोळ वाटतात. पण 4 झडपांच्या उभ्या पट्ट्या 8 होतात. प्रत्येक 4 इंच रुंद धरली तर एका ओळीत 32 इंच लाकूड आले. उन्हाळ्यात 9 टक्के असलेला ओलावा पावसाळ्यात 15 टक्क्यांवर गेला, तर ही ओळ 9 मिलिमीटरने वाढते. एका झडपेत सहज सामावणारी वाढ चौघींची मिळून दार जाम करते, आणि मग सुतार रंधा घेऊन येतो. दिवाळीनंतर त्याच दारात फटी दिसतात. उभ्या पट्ट्या अशा चिरलेल्या घ्याव्यात की वलये पट्टीच्या रुंदीला काटकोनात येतील. मग वाढ 5 मिलिमीटरवर येते. वखारीत पट्टीचे टोक पाहिले की वलये दिसतात. असा माल महाग पडतो, कारण ओंडक्यातून तो कमी निघतो. तरी खर्च करायचा तर इथेच करावा, नक्षीवर नंतर. आणि पॅनेल चौकटीत चिकटवू नये, खाचेत मोकळे ठेवावे.

सागवानासाठी ब्रह्मदेशाकडेच पाहायला हवे असे नाही. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी 2023 मध्ये सागवान बल्लारपूरहूनच गेले. पाडलेल्या वाड्यांचे जुने लाकूड मिळाले तर मी तेच आधी निवडेन: ते आपल्या हवेत मुरलेले असते. मात्र त्यातले मोडलेले खिळे शोधून काढावे लागतात आणि भुंग्याची भोके पाहून कापावे लागते. लाकडाच्या गाभ्याबाहेरचा फिकट पट्टा, नवे असो वा जुने, दाराला वापरू नये. कीड तिथूनच शिरते. कोकणात फणसाची दारे पिढ्यान्‌पिढ्या टिकली आहेत. तिथल्या घराला तीच शोभतात.

वाडा वारसा यादीत असेल तर दर्शनी भागाला हात लावण्याआधी महापालिकेची परवानगी घ्यावी लागते. परवानगी मिळाली तरी जुन्या खांबाला नव्या चौकटीचे स्क्रू शक्य तितके कमी मारावेत, म्हणजे पुढे कोणाला ती काढायची झाली तर खांब शाबूत राहील.

एक काम हमखास राहून जाते. झडपेची वरची आणि खालची कड कोणाला दिसत नाही, म्हणून तिला कोणी पॉलिश लावत नाही. लाकडाच्या नळ्यांची तोंडे तिथेच उघडी असतात आणि पाणी तिथूनच चढते. दार बिजागरीवर चढण्याआधी, ते जमिनीवर आडवे असतानाच, या दोन्ही कडांना जवसाचे तेल पोटभर पाजून घ्यावे. दार चढले की खालच्या कडेपर्यंत हात पोचत नाही.