‘नाही’ला दिलेली जागा

न बोलणाऱ्या मुलाला आपण दिवसभरात काय काय विचारतो? भूक लागली का, पाणी हवंय का, शू आलीय का. उत्तर हात ओढून येतं, नाहीतर किंचाळून. आणि मूल हट्टी ठरतं. बऱ्याच स्वमग्न मुलांना बोलता येत नाही, काहींना मोजकेच शब्द येतात. त्यांना सांगायचं मात्र पुष्कळ असतं. ते सांगता यावं म्हणून मुंबईत पवईच्या आयआयटीत, आयडीसी या डिझाइनच्या विभागात, प्रा. रवी पूवैया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जेलो’ हे अ‍ॅप घडवलं. ते मोफत आहे आणि मराठीतही बोलतं.

पडद्याच्या मध्यभागी नऊ चित्रं असतात: भेटणं आणि भावना, रोजची कामं, खाणं, मजा, शिकणं, माणसं, ठिकाणं, वेळ आणि हवामान, मदत. त्यातल्या एकावर बोट ठेवलं की आतली चित्रं उघडतात. खाण्यातून न्याहारी, न्याहारीतून एखादा पदार्थ. दोन्ही कडांना मिळून सहा बटणं कायम दिसत राहतात: आवडतं, हो, अजून, आवडत नाही, नाही, कमी. पदार्थ निवडून यातलं एक दाबलं की फोन पूर्ण वाक्य बोलतो.

मला या रचनेत सर्वांत मोलाची वाटते ती नकाराची जागा. चित्रांची कार्डं वापरून शिकवताना आपण बहुधा मागण्यापासून सुरुवात करतो: बिस्किट दे, पाणी दे, झोका दे. मोठ्यांना तेच सोयीचं असतं. पण ज्या मुलाला मिक्सरचा आवाज किंवा शर्टाच्या कॉलरचं लेबल असह्य होतं, त्याला आधी ‘हे नको’ म्हणता यायला हवं. ते म्हणायला साधन नसलं की मूल चावतं, डोकं आपटतं. जेलोमध्ये ‘नाही’ हे ‘हो’च्या बरोबरीने समोर असतं, शोधावं लागत नाही.

‘अ‍ॅप दिलं तर मग तो बोलणारच नाही’ ही भीती घरोघरी ऐकू येते, आजीआजोबांकडून तर हमखास. मिलर, लाइट आणि श्लोसर यांनी 2006 साली पर्यायी संवादसाधनांवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. ज्यांची नोंद भरवशाची होती अशा 27 जणांपैकी एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं. बहुतेकांचं वाढलं होतं, जरी पुष्कळदा थोडंसंच. साधन हाती आल्यावर तोंडचा शब्द हरवत नाही, एवढं त्यावरून नक्की म्हणता येतं.

खरी अडचण शाळेत येते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 स्वमग्नतेला दिव्यांगत्व मानतो, आणि त्याचं 17वं कलम शासनाला बोलण्याला पूरक अशा पर्यायी संवादसाधनांना चालना द्यायला सांगतं. वर्गाचा नियम मात्र ‘मोबाइल, टॅब बंद’ असा असतो. मुलाचा आवाज दप्तरात ठेवून त्याला बाकावर बसवायचं, याला समावेशक शिक्षण कसं म्हणायचं? टॅब बाकावर आला तरी घाई सुटत नाही. चित्र शोधायला वेळ लागतो, तोवर पुढचा प्रश्न आलेला असतो. शिवाय थेरपिस्ट पुन्हा पुन्हा सांगतात ते राहूनच जातं: आधी मोठ्यांनी त्या चित्रांवर बोट ठेवून बोलायचं. आजूबाजूला सगळे तोंडाने बोलत असताना एकट्या मुलाने चित्रांतून बोलावं, ही अपेक्षाच चुकीची आहे.

म्हणून वर्गशिक्षकांना एक विनंती. असं मूल तुमच्या वर्गात असेल तर सकाळच्या हजेरीला त्याचा टॅब तुम्ही हाती घ्या आणि आज तुम्हाला काय आवडलं नाही, ते त्यातून त्याला सांगा. मग टॅब त्याच्यापुढे ठेवा आणि थांबा. मूल ‘नाही’ म्हणालं, तर ते ऐका.