पटवणे वेगळे, भुलवणे वेगळे

निवडणूक आली की आपल्या चाळीत, वस्तीत पुढाऱ्यांची रीघ लागते. सभा संपल्यावर माणसे म्हणतात, "काय बोलला! मन जिंकले." पण चांगला बोलला म्हणजे खरे बोलला, असे होते काय? हा प्रश्न आम्ही वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवत आहोत. त्यासाठी १९३३ सालातली दोन देशांची हकिगत सांगतो. दोन्हीकडे साधन एकच होते, रेडिओ.

अमेरिकेत तेव्हा भयंकर मंदी होती. बँका बुडत होत्या. घाबरलेले लोक रांगा लावून पैसे काढत आणि घरात दडवून ठेवत. त्यामुळे धडधाकट बँकाही अडचणीत येऊ लागल्या. ४ मार्चला फ्रँकलिन रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांनी देशभरातल्या बँका काही दिवस बंद ठेवल्या, ९ मार्चला नवा कायदा करून घेतला आणि १२ मार्चला, रविवारी रात्री, ते रेडिओवर बोलले.

भाषण पाव तासाच्या आतले. बँकेत भरलेला पैसा तिजोरीत पडून नसतो, तो कर्जाऊ दिलेला असतो. म्हणून सगळ्यांनी एकदम मागितला तर चांगल्या बँकेलाही तो देता येत नाही, हे त्यांनी कामगाराला, शेतकऱ्याला कळेल अशा भाषेत समजावले. कोणत्या गावच्या बँका कोणत्या क्रमाने उघडतील, हे सांगितले. आणि प्रत्येक बँक उघडेलच, कोणाचेही नुकसान होणार नाही, असे वचन आपण देत नाही, हेही स्पष्ट केले. सोमवारपासून बँका उघडू लागल्या, तेव्हा लोक पैसे भरायला आले. महिनाअखेरपर्यंत दडवलेल्या रोकडीपैकी निम्म्याहून अधिक बँकेत परत आली.

आता जर्मनी पाहा. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर सत्तेवर आला. मार्चमध्ये गोबेल्स प्रचारमंत्री झाला. त्याच वर्षी ७६ मार्क किमतीचा स्वस्त रेडिओ बाजारात आणला गेला, आणि पुढे तो लाखो साध्या घरांत पोचला. पण त्यावर आवाज मात्र एकाच बाजूचा! विरोधी वर्तमानपत्रे बंद पाडली, २ मेपासून कामगार संघटना मोडून काढल्या. १९३९ साली युद्ध सुरू होताच परदेशी केंद्र ऐकणे हाच गुन्हा ठरला. बेकारीचे, दारिद्र्याचे सारे खापर ज्यू लोकांच्या माथी फोडले गेले. शेवट काय झाला? सुमारे साठ लाख ज्यू मारले गेले.

दोघांच्याही आवाजात जादू होती. फरक होता तो ऐकणाऱ्याला विचार करू देण्यात. एकाने कारण सांगितले आणि तोटाही लपवला नाही. दुसऱ्याने शत्रू दाखवला आणि दुसरी बाजू ऐकण्याचे दारच लावून घेतले.

म्हणून रूझवेल्टवर तरी डोळे मिटून विश्वास ठेवावा काय? तसेही नाही. १९४२ साली त्यांच्याच हुकमाने जपानी वंशाच्या सुमारे सव्वा लाख लोकांना छावण्यांत डांबले गेले, आणि त्यांतले बहुतेक अमेरिकेचेच नागरिक होते. मागची चांगली कामगिरी हा पुढच्या प्रत्येक शब्दाचा दाखला होत नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी घटना समितीत हाच इशारा दिला होता: राजकारणातली विभूतिपूजा देशाला अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते.

आज रेडिओची जागा मोबाईलने घेतली आहे. दिवसभर राबून आलेल्या माणसाच्या हातात रात्री तोच असतो. घरातल्या शिकलेल्या मुलामुलींना आमचे सांगणे आहे, की आलेला निरोप आईवडिलांना वाचून दाखवताना तिथेच थांबू नका. हा माणूस कारण सांगतो की नुसती भीती घालतो? काय होणार नाही, तेही सांगतो काय? दुसऱ्याचे ऐकू देतो काय? जेवताना एवढे तीन प्रश्न घरात विचारले गेले, तरी आपले मत कोणाला फुकट नेता येणार नाही.