मत्स्यपेटीची घडवंची

पूर्वीं बहुतेक स्वयंपाकघरांत घडवंची असे. पाण्यानें भरलेले हंडे आणि कळशा तिच्यावर वर्षानुवर्षें राहत, पण ती कधीं कुरकुरत नसे. रंगीत माशांची काचेची पेटी दिवाणखान्यांत ठेवण्यासाठीं बाजारांत जी बैठक मिळते, ती सुबक दिसली तरी पुष्कळदां या घडवंचीच्या पासंगालाही पुरत नाहीं. करवत, रंधा, पटाशी, गिरमिट, हातोडी आणि गुण्या हाताशीं असला, तर चांगली बैठक घरींच होते.

प्रथम वजनाचा विचार करावा. २ फूट लांब व १ फूट रुंद पेटींत १ फूट उंच पाणी भरलें, तर तें २ घनफूट होतें. घनफुटाचें वजन सुमारें २८ किलो; म्हणजे नुसतें पाणीच ५६ किलो झालें. काच आणि तळाची वाळू धरून ८० किलोंची तयारी ठेवावी. हा भार रात्रंदिवस, कधींही न उतरतां, लांकडावर राहावयाचा असतो.

इचलकरंजींत आणखी एका गोष्टीचें भान ठेवावें लागतें. १९०४ सालीं विठ्ठलराव दातार यांनीं येथें पहिला यंत्रमाग सुरू केला, आणि पुढें गांव मागांचेंच झालें. मागाच्या ठोक्यांचा हादरा जमिनींतून शेजारच्या घरांत पोंचतो. पाण्याचें वजन खालीं दाबतें, हादरा मात्र आडवा हलवितो. नुसत्या खिळ्यांवर उभी असलेली बैठक या आडव्या हालचालीनें हळूहळू सैल होते, आणि तें कळतें तें पेटी फुटल्यावरच.

पायांसाठीं २ इंच चौरस सागाचे चार तुकडे घ्यावे; उंची २८ इंच पुरे. आंब्याचें लांकूड स्वस्त खरें, पण ओलींत तें लवकर किडतें. खरी मेख सांध्यांत आहे. पायाच्या माथ्याशीं बाहेरच्या अंगानें पाऊण इंच खोल खाच पाडावी आणि ३ इंच रुंदीची लांब पट्टी उभ्या कडेनें तींत बसवावी. असें केल्यानें पट्टी खाचेच्या खांद्यावर टेकते, व भार लांकडांतून लांकडांत उतरत जमिनीस मिळतो. सरस आणि स्क्रू यांचें काम पट्टी सरकूं न देण्याचें. वजन पेलण्याचें नव्हे. आखूड बाजूच्या पट्ट्या कुसू घालून पायांत जोडाव्या. जमिनीपासून ६ इंचांवर अशीच दुसरी चौकट द्यावी.

सरस वाळण्यापूर्वीं समोरासमोरचे कोपरे दोरीनें मोजावे. दोन्हीं मापें सारखीं भरलीं, तरच चौकट काटकोनांत आहे. नंतर मागल्या बाजूस एक पट्टी तिरपी ठोकावी. चार कोनांची आकृति कलते, त्रिकोणाची कलत नाहीं. हादऱ्यावर हाच उपाय.

वर सपाट फळी बसवून पाणसळ लावावी. एखादा कोपरा खालीं असेल, तर पातळ पाचर पायाखालीं सारावी, काचेखालीं कदापि नाहीं. अधांतरी राहिलेल्या कोपऱ्याशींच काच तडकते. काच आणि फळी यांमध्यें थर्मोकोलची पातळ चादर घालावी. पावसाळ्यांत लांकूड फुगतें, म्हणून जवसाच्या तेलाचे दोन-तीन हात द्यावे, आणि पायांचे तळवे विसरूं नयेत. ओल तेथूनच चढते.

मासे आणण्यापूर्वीं तितक्याच वजनाचीं वाळूचीं पोतीं दोन दिवस बैठकीवर ठेवावीं. मागांची पाळी चालू असतां वर पाण्यानें भरलेली ताटली ठेवून पाहावी. तींत तरंग उठूं लागले, तर बैठक मागाच्या बाजूच्या भिंतीपासून दूर, दुसऱ्या खोलींत न्यावी.