प्रशिक्षणाला कोण बसलं, फवारणी कोणी केली?

‘कीटकनाशकांचा सुरक्षित वापर आणि शेतकरी प्रशिक्षणाचा परिणाम’ असा विषय संशोधनाला घ्यायचा विचार करताय? मग आधी यवतमाळ समजून घ्या. २०१७ च्या पावसाळ्यात तिथे कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. फवारणारे बरेच जण रोजंदारीवरचे मजूर होते.

आता आपली नेहमीची पद्धत बघा. प्रशिक्षणाआधी प्रश्नावली, नंतर तीच प्रश्नावली, गुण वाढले, टी-टेस्ट लावली, निष्कर्ष तयार. पण सभागृहात बसलेला असतो शेतमालक, आणि पंप असतो दुसऱ्याच कुणाच्या पाठीवर. म्हणजे ज्याचं ज्ञान मोजलं, त्याच्या अंगावर औषध उडतच नाही! म्हणून नमुना निवडण्याआधी विचारा: फवारतं कोण, द्रावण कालवतं कोण, आणि ते कपडे धुतं कोण? धुणारी बहुधा घरातली बाई असते आणि ती कुठल्याच यादीत नसते.

शब्दही सांभाळा. माझ्या पहिल्या प्रश्नावलीत ‘कीटकनाशक’ होतं. गावात सगळे ‘औषध’ म्हणतात. डब्यावरचा लाल त्रिकोण सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. ‘हिरवा म्हणजे पिकाला चांगलं’ असंही उत्तर मला मिळालंय.

‘हातमोजे घालता का?’ याला उत्तर ‘हो’च येतं. शेतात जाऊन बघाल, तर तुम्हाला बांधावर पाहून ते पिशवीतून बाहेर येतात. त्यामुळे एका भेटीवर विसंबू नका. मला आवडणारी पद्धत म्हणजे पंपात औषधाऐवजी निरुपद्रवी चमकणारा रंग घालून फवारायला लावायचं आणि मग अंधारात अतिनील दिव्याखाली अंग बघायचं. नुसता तोंडाला रुमाल बांधणाऱ्याला आपल्या मांड्या, पाठ किती भिजली ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. मोजमापही होतं, शिकवणंही. रक्तातलं कोलिनएस्टरेज तपासणार असाल तर हंगामाआधीचा नमुना हवाच, कारण त्याचं प्रमाण माणसागणिक वेगळं असतं. शिवाय ही चाचणी ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटांपुरतीच कामाची.

एक गोष्ट मात्र प्रस्ताव लिहितानाच ठरवा. समोरचा माणूस उघड्या हाताने लाल त्रिकोणाचं औषध कालवतोय आणि तुम्ही वही घेऊन निरीक्षण करताय. थांबवलंत तर डेटा बिघडतो. मी थांबवणार, असं नीतिसमितीला लिहून दिलंय; तेवढ्या नोंदी विश्लेषणात वेगळ्या ठेवते.