बेचिराख

महसुली दप्तरात ज्या गावात वस्ती उरलेली नाही, त्या गावापुढे 'बेचिराख' असा शेरा असतो. चिराग म्हणजे दिवा. शिवार असतं, गट नंबर असतात, एखादं पडकं देऊळ असतं. फक्त संध्याकाळी दिवा लावायला कुणी नसतं. आज हा शब्द आपण जळून खाक झालेल्या गोष्टीला वापरतो. पण आपल्याकडची कितीतरी गावं जळाली नाहीत, ती पाण्यावाचून हळूहळू विझली.

अशा विझण्याचा सगळ्यात तपशीलवार पुरावा शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी आहे. इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं खोदाई केली. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर, झै. दा. अन्सारी यांनी तिथलं एक अख्खं खेडं उघडं केलं. इ. स. पू. १६०० च्या सुमारास लोक इथं आले. इ. स. पू. १४०० नंतरचे दिवस भरभराटीचे होते. चौकोनी, ऐसपैस घरं, मुख्य पीक जव, नदीचं पाणी वळवायला बांध आणि पाट. वस्तीच्या मधोमध पाच खोल्यांचं एक घर आणि शेजारी धान्याचं कोठार.

हे लोक आपली माणसं घरातच पुरत. लहान मूल गेलं की दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात ठेवायचं आणि जमिनीखाली पुरायचं. मोठ्यांचे पाय मात्र घोट्याखाली तोडलेले सापडतात. मेलेल्यानं उठून घर सोडून जाऊ नये म्हणून तसं करत असावेत, असा एक अर्थ अभ्यासकांनी लावला आहे. पाच खोल्यांच्या त्या घराच्या अंगणात चार पायांच्या, पोट सुटल्यासारख्या रांजणात मांडी घालून बसवलेला एक पुरुष सापडला. त्याचे पाय शाबूत होते. मला इनामगावातली सगळ्यात बोलकी गोष्ट वाटतात ते तोडलेले पाय. मेलेल्यालाही घराबाहेर जाऊ न देणारी ही माणसं.

आणि त्यांनाच जावं लागलं. इ. स. पू. १००० नंतर चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. शेती आक्रसली, शिकार वाढली. पाऊस कमी झाला आणि शेतकरी अर्धे भटके झाले, असं ढवळीकरांचं म्हणणं. मुलांच्या सांगाड्यांचा अभ्यास करणाऱ्या ग्वेन रॉबिन्स शुग यांना या काळात मुलांची वाढ खुंटलेली दिसली, पण सगळा दोष पावसाच्या माथी मारणं त्यांना पटलं नाही. मलाही पटत नाही. पाऊस धक्का देतो. माणूस उठतो तो कोठार रिकामं झाल्यावर. इ. स. पू. ७०० च्या सुमारास इनामगाव ओस पडलं. मधली तीनशे वर्षं लोकांनी आधी घर लहान केलं, मग ताटातलं बदललं, आणि गाव सोडणं सगळ्यात शेवटी.

त्याआधीही हे घडलं होतंच. सुमारे ४२०० वर्षांपूर्वी मोसमी पाऊस दुबळा झाला. मेघालयातल्या माव्मलूह गुहेतल्या चुनखडीच्या स्तंभात त्याची खूण आहे. पुढच्या काही शतकांत सिंधूकाठची मोठी नगरं मोडली, लोक लहान खेड्यांत पांगले. उत्तर हडप्पा वळणाच्या वस्तू प्रवरेकाठच्या दायमाबादपर्यंत पोचल्या आहेत.

आता पुन्हा पुण्याच्या मुलखात, थेट १६३० कडे येतो. त्या वर्षी पाऊस दडी मारून बसला, पुढच्या वर्षी इतका कोसळला की उरलंसुरलंही गेलं. त्यात पुण्यावर आदिलशाही फौजेचा घाला. रयत परागंदा झाली. ज्यांच्या पायाखाली जमीन होती तेच देशोधडीला लागले. पुढं दादोजी कोंडदेवांच्या काळात कौल देऊन माणसं परत आणली गेली: इस्तावा, म्हणजे पहिल्या वर्षी नाममात्र सारा, मग चढत जाणारा. गेलेला माणूस परत आणायला निसर्ग नव्हे, कारभार लागतो. १९७२ च्या दुष्काळात हेच उलट बाजूनं दिसलं. गावाजवळ खडी फोडण्याचं काम आणि पोराच्या हातात सुकडी, एवढ्यावर कितीतरी घरं तगली.

घोड-भीमेच्या त्याच पट्ट्यात आता उसाचे फड आहेत. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उतरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. बांबूच्या कमट्या वाकवायच्या, वर चटई नाहीतर ताडपत्री टाकायची, पुढं तीन दगडांची चूल. कोपी उभी. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, तेच घर. गावाकडं पीठ कमी, पाणी लांब, आणि ओसरीवर म्हातारी सासू, जिला आता कोयता झेपत नाही. ती आहे तोवर त्या घरात दिवा लागतो.