ढगफुटी झाली तर?

"सगळं ढगात ठेवलंस खरं, पण ढगफुटी झाली तर?" दिवाळीत बालाघाटला काकांनी विचारलं. त्यांच्या राईस मिलची बिलं मीच क्लाउडवर नेली होती. मी ऐटीत म्हणालो, "९९.९ टक्के वेळ चालू राहण्याची हमी आहे, काका."

काकांनी कॅल्क्युलेटर ओढला. वर्षाचे ८,७६० तास. म्हणजे जवळजवळ पावणेनऊ तास बंद! "ते नेमके धानाच्या हंगामात आले तर? ट्रक उभे ठेवू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अशी हमी मोडली तर सहसा भाड्यात सूट मिळते, खोळंब्याची भरपाई नाही.

१० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळालं. ज्यांची बॅकअप प्रतही तिथेच होती, अशा अनेकांचा डेटा कायमचा गेला. आमचीही प्रत मूळ डेटाशेजारी, मुंबईतच होती! आता ती हैदराबादला जाते.

पण प्रत असणं वेगळं आणि ती उघडणं वेगळं. पहिल्या खेपेला उघडलीच नाही. पासवर्ड फक्त माझ्याकडे, आणि मी पुण्यात झोपलेलो. आता महिन्यातून एकदा काका स्वतः जुनं बिल परत काढून बघतात. मागच्या वेळी २२ मिनिटं लागली.

कच्ची वही मात्र त्यांनी अजून गल्ल्यात ठेवलीय. मीही काही म्हणत नाही.